तारीख विसरणारा बोर्ड

सकाळी कॉम्प्युटर चालू केला की शिवशंकरआप्पा दुकानातल्या बाकड्यावर बसलेल्या पहिल्या माणसाला विचारायचे, "आज तारीख किती?" मग स्क्रीनवरची १ जानेवारी २००२ खोडून त्यानं सांगितलेली तारीख घालायचे. धारूरच्या बसस्टँडसमोर त्यांचं टायपिंगचं दुकान होतं.

मशीन जुनं. मदरबोर्डवर रॅमच्या दोन खाचा, त्यातली एक मेलेली. दुसरीतली पट्टी सैल झाली की मशीन तीनदा ओरडायचं. "भूक लागली त्याला," म्हणत आप्पा पट्टी काढून खोडरबरानं घासायचे. तारीख सांभाळणाऱ्या गोल सेलची पकड गंजलेली, त्यामुळे नवा सेलही उपयोगाचा नव्हता. लाइट गेली की बोर्ड सगळं विसरून २००२ मध्ये जाऊन बसायचा. पण आप्पांचा मराठी फाँट आणि पिनांनी छापणारा रुंद प्रिंटर त्याच्यावरच चालायचा.

मी सहावीत होते. आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, दुसऱ्या दिवशी ऊसतोडीला निघणार होते. हंगामी वसतिगृहात जागा मिळाली तरच माझी शाळा राहणार, नाहीतर मीही ट्रकमध्ये. अर्जाचा तो शेवटचा दिवस. आप्पा टाइप करत असतानाच लाइट गेली आणि आली. मजकूर त्यांनी पुन्हा टाइप केला, मशीनची तारीख बदलायची मात्र राहिली. अर्जाखाली २००२ चीच छापली गेली.

वसतिगृहाचे अर्ज घेणारा कारकून तो बघून दादांना हसला. "अजिनाथ, पोरगी जन्मायच्या आदीच वसतिगृहात टाकायलास का बे?"

दादा मला घेऊन दुकानात परत आले तेव्हा लाइट पुन्हा गेली होती. आप्पांनी अर्जाखालची तारीख बघितली. कोऱ्या कागदावर अख्खा अर्ज हातानं लिहिला, छापल्यासारखा. दादांची सही घेतली, दुकान बंद केलं आणि मला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं.

"चूक माझ्या डब्याची हाय," ते कारकुनाला म्हणाले. "पोरीला कावून शिक्षा?" शिक्का पडेपर्यंत ते टेबलासमोरून हलले नाहीत.

सकाळी ट्रक गेला. मी राहिले.

आप्पांची तारीख दुसऱ्याला विचारायची सवय त्या दिवसापासूनची.

यंदा एम.ए.च्या प्रबंधाचं पहिलं पान मी त्यांच्याकडेच छापून घेतलं. त्यानंतर आठ दिवसांनी आप्पा गेले. पान छापलं त्या सकाळी बाकड्यावर मी एकटीच होते. त्यांनी विचारलं, मी लगेच सांगितलं.

"तोंडपाठ नको," ते म्हणाले, "कॅलेंडर बघून सांग."