डावी डिस्क, उजवी डिस्क

माझी आत्या एकतीस वर्षं फोटो स्टुडिओत नोकरी करते आहे आणि तिचा चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. चिडण्याचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे. मी त्याच स्टुडिओत काउंटरवर बसते. झालं ते डोळ्यांदेखत झालं, आणि माझं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही.

जुन्या निगेटिव्ह ओलीने एकमेकींना चिकटायला लागल्या तेव्हा आत्याने त्या एकेक सोडवून स्कॅन केल्या. त्यात पाच वर्षं गेली आणि चष्म्याचा नंबर दोनदा वाढला. सोडवलेल्या निगेटिव्हचा थर निघून आला होता, त्या फेकूनच द्याव्या लागल्या. तिची पद्धत ठरलेली. चांगला फोटो दोन डिस्कवर ठेवायचा, एक डावीकडे, एक उजवीकडे. हललेला, डोळे मिटलेला फोटो फक्त डावीकडे. एक डिस्क बसली तर दुसरी आहे, एवढंच तिचं म्हणणं.

मालकांचा मेहुणा मात्र आला तोच आम्हाला सुधारायला. त्याला या जोड्या म्हणजे अडगळ वाटली. सारख्या फाइली शोधून पुसणारा प्रोग्राम त्याने आणला आणि आत्या दाताच्या डॉक्टरकडे गेली असताना तो लावला. तीन लाख फाइली म्हटल्यावर प्रोग्राम रेंगाळणारच, पण साहेबांना जेवणाआधी उरकायचं होतं. म्हणून तोच प्रोग्राम एकाच वेळी दोनदा चालवायचं ठरलं. दुसऱ्यांदा उघडायला गेला तर समोर सूचना आली, प्रोग्राम आधीच चालू आहे. एखादा थांबला असता. याने प्रोग्रामचीच कॉपी केली, तिला वेगळं नाव दिलं आणि दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या. एक डावीकडून सुरू, दुसरी उजवीकडून. दोघी एकाच फाइलीवर आल्या तर, असं मी विचारलंसुद्धा. तू फोन उचल, म्हणाला.

दोघींनी आपापल्या याद्या केल्या. पहिलीचं ठरलं, डावा ठेवायचा, उजवा पुसायचा. दुसरीचं ठरलं, उजवा ठेवायचा, डावा पुसायचा. एकीला दुसरीचा पत्ता नाही. या शहाण्याने दोन्हीकडे पुसायचं बटण दाबलं, तेही कायमचं पुसा असं सांगून. वर मोकळ्या जागेत दोन लग्नांची शूटिंग भरून टाकली, म्हणजे परत मिळायची आशाही संपली. जपलेलं तेवढं सगळं गेलं. राहिले ते हललेले आणि डोळे मिटलेले.

आत्या सुजलेला गाल धरून आली. एक फोल्डर उघडलं, मिटलं, दुसरं उघडलं. रडली नाही.

"मंगळवारी ड्रायव्हर यायचेत," एवढंच म्हणाली.

हे बसचे ड्रायव्हर. त्यांची मुलगी सहाव्या वर्षी गेली. तिचा नीट फोटो एकच, आमच्याकडे काढलेला. ते तो शर्टाच्या खिशात ठेवतात, घामाने त्याचा रंग वर्षभरात उडतो, आणि तिच्या वाढदिवसाला ते नवीन प्रिंट न्यायला येतात.

मंगळवारी ते आले तसा मेहुणा आतल्या खोलीत सटकला. तुमची ओळख आहे, तुम्हीच समजवा, असं आत्याला सांगून. आत्याने झालं ते सरळ सांगितलं. फोटो आमच्याकडून गेला, म्हणाली. मला तिचाही राग आला. आमच्याकडून कसला? ज्याच्याकडून गेला तो आत पंख्याखाली बसला होता.

ड्रायव्हरांनी खिशातला गेल्या वर्षीचा प्रिंट काढला. कपाळावरून घडी गेलेली, एक डोळा पुसट. यावरून स्कॅन करून ठेवते, असं म्हणत आत्याने हात पुढे केला. त्यांनी प्रिंट सोडला नाही.

"मी धरतो," ते म्हणाले. "तुम्ही मशीन चालवा."

झाकण उघडं ठेवूनच स्कॅन केलं. कोपऱ्यात त्यांचा अंगठा आला, नखासकट. त्यांनी प्रिंट परत खिशात ठेवला आणि ते गेले. आत्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मग मेहुणा बाहेर आला. स्क्रीनकडे बघून म्हणाला, हा अंगठा दोन मिनिटांत उडवतो, आणि त्याने माउसला हात घातला.

"हात काढ," आत्या म्हणाली. काउंटरवरची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "इतकी वर्षं तो माणूस इथे निर्धास्त येत होता. आज त्याला कागद हातातून सोडवला नाही. तो अंगठा तसाच राहणार."

तिने तो फोटो दोन्ही डिस्कवर ठेवला. मग उजवी डिस्क काढून आपल्या पर्समध्ये टाकली आणि चेन लावली.