फोल्कमारची किल्ली

जर्मनीतल्या कासेलचा फोल्कमार वीस वर्षं स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामच्या प्रत्येक फाइलवर आपल्या गुप्त किल्लीने कॉम्प्युटरवर सही करत आला. सहीशिवाय फाइल घ्यायची नाही, आणणारा सख्खा बाप असला तरी, हा नियमही त्याचाच. पक्षाघातानंतर त्या किल्लीचा परवलीचा शब्द तो विसरला.

"हाइके, तू तरी ओळखतेस ना मला? नवी किल्ली मान्य कर," तो जुन्या सहकारिणीला म्हणाला.

"चेहऱ्यावर जाऊ नका, सही बघा, असं कोण ओरडायचं रे आमच्यावर?"

किल्ली रद्द करण्याचा दाखला त्याने विश्वासाने तिच्याचकडे ठेवला होता. तो तिने त्याच्यासमोरच वापरला, जुनी किल्ली कायमची बाद केली आणि विचारलं, "कॉफी घेतोस?"

प्रोग्रामच्या पुढच्या फाइलवर हाइकेची सही होती. फोल्कमारने सवयीने ती तपासली. खरी निघाली.