दहा बोटांचा हिशेब

सोडतबाबा तिकीट विकताना आधी दोन्ही हात पसरून दहा बोटं दाखवायचे. तिकीट दहा रुपयांचं. तीन बोटं मिटायचे, ही बक्षिसांची. एक मिटायचे, हे छपाईचं. उरलेली सहा वस्तीतल्या आजाऱ्यांची. त्यांच्या डाव्या करंगळीचं टोक वर्कशॉपमध्ये गेलं होतं. कुणाची नजर तिकडे गेली की म्हणायचे, "अर्धं कमी दिसतंय ते मशीनने खाल्लं. मी नाही."

येरवड्यातल्या आमच्या वस्तीत दरवर्षी ही सोडत निघते. नोकरी संपल्यावर बाबांनीच ती सुरू केली. बायको वारलेली, मूलबाळ नाही. तिकिटांचा डबा घेऊन दारोदार फिरायचे. एकाने विचारलं, बक्षिसातला मिक्सर नक्की लागेल ना? बाबा शांतपणे म्हणाले, "नक्की हवा असेल तर दुकानात जा."

सोडत झाली की विहाराच्या अंगणात पैसे वाटायची बैठक व्हायची. तिथे बाबांचा एक नियम होता. स्वतःसाठी कुणी मागायचं नाही, दुसऱ्याने त्याचं नाव घ्यायचं. मागताना माणूस लहान होतो, असं ते म्हणायचे. माझ्या मुलीच्या कानाचं ऑपरेशन होतं तेव्हा मी मागे खाली मान घालून बसले होते. बाबा उठले आणि म्हणाले, "ही बाई बोलणार नाही, म्हणून मी बोलतो." मुलीला आता नीट ऐकू येतं.

मागच्या वर्षी तिकिटं विकताना ते आमच्या पायरीवर बसले. धाप लागली होती. पाणी दिलं. डबा उघडताना डॉक्टरांचा कागद खाली पडला. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण हृदयाची तपासणी लगेच करा, एवढं वाचता आलं. खाली खर्च लिहिला होता. बाबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "सोडतीनंतर बघू, ताई," म्हणाले. वस्तीत हे फक्त मला माहीत होतं.

बैठकीला मी वाक्य पाठ करून गेले. बाबांचं नाव घ्यायचं, तपासणीचं सांगायचं, बस. पाच नावं झाली. बाबा वही लिहीत होते. मग त्यांनी मान वर करून विचारलं, "आणखी कुणाचं?" माझ्याकडे बघितलं की सगळ्यांकडे, मला अजून कळत नाही. चाळीस माणसं बसली होती. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. बाबा थोडं थांबले आणि त्यांनी नावांखाली ओळ मारली. उरलेल्या पैशांतून मुलांना वह्या घेतल्या.

जाताना मला म्हणाले, "चहा ठेवा ताई, उद्या येतो." आलेही. कागदाचं दोघंही बोललो नाही. नंतर महिनाभरातच एका सकाळी त्यांचं दार उघडलं नाही. सगळे म्हणाले, झोपेत गेले, नशीबवान. मी तेव्हाही गप्प राहिले.

यंदा डबा माझ्याकडे आला. बैठकीत वही लिहिणाऱ्या पोराने "आणखी कुणाचं?" असं विचारल्यावर मी उभी राहिले आणि शेजारच्या म्हातारीचं नाव घेतलं. मागून कुणीतरी म्हणालं, बाई बोलायला लागली की.

तिकीट विकताना मीही हात पसरते. तीन, एक, सहा. माझी दहाही बोटं धड आहेत, त्यामुळे मला कुणी काही विचारत नाही.