कावळ्याने निवडलेलं विद्यापीठ

बापूकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी धारला, शाळेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत होते. समोर नववीतली एक मुलगी बसली होती. गणिताचा पेपर हातात आला की तिचे हातपाय गार पडतात, त्याबद्दल आमचं बोलणं चाललं होतं. फोन देवासहून होता, शेखरदादाचा, म्हणजे काकांच्या मुलाचा. 'बाबा गेले गं,' एवढं म्हणून तो रडायला लागला. मग हुंदका आवरून स्वतःच्या मुलीबद्दल म्हणाला, 'इराचं पुण्याचं तेवढं राहून गेलं बघ त्यांच्या मनात.' आणि खरं सांगते, मला रडू आलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाने मला सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून अख्खं धार फिरवलं, तो गेल्याचं कळतंय आणि मी रागाने फोन टेबलावर आपटतेय, हे त्या पोरीलाही दिसलं असणार. तिनेच मला पाण्याचा ग्लास दिला.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ठीक आहे. पण चांगलंही अर्धवट बोलू नये ना. तेराव्याला जमलेल्या प्रत्येकाने काका किती करारी, किती तत्त्वाचे, शब्दाचे किती पक्के, हेच सांगितलं. मी कोपऱ्यात बसून बुंदीचा लाडू कुस्करत राहिले.

आमचं घराणं पिढ्यांपूर्वी मराठा सरदारांच्या मागून इकडे माळव्यात आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, गल्लीत माळवी, शाळेत हिंदी. सासऱ्याला मामंजी म्हणणार आणि भाजीवाल्याला 'भिया, कैसे दिये?' विचारणार, असे आम्ही लोक. काका पीथमपूरच्या कारखान्यात फोरमन होते. पहाटेची शिफ्ट बस पकडायचे आणि दुपारी परत आले की आंघोळ करून मराठी मंडळाच्या वाचनालयात जाऊन बसायचे. तिथली कपाटं झाडणं, पुस्तकांना खाकी कव्हरं घालणं, गणपतीत पोरांकडून मराठी उतारे पाठ करून घेणं, सगळं त्यांच्याकडे. उतारा चुकला की कान पिरगाळायचे आणि बरोबर आला की खिशातून चिक्की काढून द्यायचे. मराठी म्हणजे त्यांच्या लेखी भाषा नव्हती, सातबारा होता. तो हातातून गेला तर आपण इकडे कोण, असं त्यांना वाटायचं.

बारावीनंतर मी सायकॉलॉजी घेणार म्हटल्यावर घरात जो काही गोंधळ झाला! आई म्हणाली, बी.एड. कर, शाळेत लागशील. आत्याबाईंनी विचारलं, वेड्यांच्या इस्पितळात नोकरी करणाऱ्या मुलीला कोण पदरात घेईल? शेजारच्या एका गृहस्थांनी तर 'मतलब पागलों की डॉक्टर?' म्हणून हसून घेतलं. एकटे काका उठले. हातातला स्टीलचा ग्लास त्यांनी असा आपटला की पाणी भिंतीपर्यंत उडालं. म्हणाले, माणसाचं मन कळणं हे काय हसण्यावारी न्यायचं काम आहे? पोरगी शिकेल, आणि जे म्हणते तेच शिकेल. मी त्या दिवशी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं होतं. त्या दिवशीचे काका मला आजही देवाच्या जागी आहेत. पुढचं वाक्य बोलले नसते तर कायमचे राहिले असते. पुढचं वाक्य होतं, 'आणि शिकेल पुण्याला. मराठीतून.'

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळी मेख इथे आहे. मी आयुष्यभर हिंदी शाळेत गेलेली. मराठी बोलायचे फडाफडा, पण मराठी पुस्तक हातात घेतलं की लिपी तीच असूनही शब्दांशी गाडी अडायची. काकांचं उतारे पाठ करणं म्हणजे ऐकून पाठ करणं होतं. आमच्यापैकी अर्ध्या पोरांनी तो कागद कधी वाचलेला नसायचा. हे काकांना माहीत नव्हतं का? होतं. पण आपल्या पोरांना मराठी येत नाही, हे कबूल करायचं म्हणजे सगळाच सातबारा खोटा. घरात कोणी मला विचारलं नाही की बाई, तुला तिथे झेपेल का. इंदूरला, बसने दोन तासांवर, हाच विषय हिंदीतून होता, प्रयोगशाळेसकट. पण काकांनी रजा टाकली, माझी ट्रंक उचलली आणि मला पुण्याला नेऊन सोडलं. फाटकाशी उभं राहून त्यांनी डोळे पुसले, इतका त्यांना आनंद झाला होता.

पुढचं वर्ष मी कसं काढलं ते माझं मला ठाऊक. मी 'छान वाटतं'ऐवजी 'मला छान लागतं' म्हटलं की वर्ग हसायचा. पण हसणाऱ्यांचं काय, त्यांच्याशी मी भांडले असते. पुस्तकाशी कशी भांडणार? हिंदीत ज्याला अधिगम म्हणतात त्याला तिथे अध्ययन म्हणतात, हे मला पेपर देऊन आल्यावर माहीत पडलं. माणूस अनुभवातून कसा शिकतो हे विचारलं होतं आणि मी, अध्ययनाचा हिंदी अर्थ अभ्यास धरून, पहाटे उठून अभ्यास करण्याचे फायदे लिहून आले होते... चार पानं. पुस्तकाच्या एका पानाला एक तास लागायचा. रडत रडत वाचायचे, आणि काकांना पत्रात लिहायचे की सगळं उत्तम चाललंय. निकाल लागला तेव्हा ट्रंक घेऊन धारला परत आले.

काका एक शब्द बोलले नाहीत. म्हणजे माझ्याशी. बाकी जगाशी बोलले. लग्नाच्या पंगतीत, मुंजीत, मंडळाच्या सभेत, कोणी विचारलं की मान हलवून म्हणायचे, 'संधी दिली होती, पोरीने जिद्द दाखवली नाही.' मी शेजारच्या पानावर बसलेली असायचे. वर मला सुचवलं, घरी बसून प्रायव्हेट बी.ए. कर. अहो, या विषयाला प्रात्यक्षिकं असतात, तो घरी बसून देता येत नाही, एवढी चौकशीसुद्धा त्यांनी केली नव्हती. शेवटी वडिलांनी गुपचूप इंदूरचा फॉर्म आणला. मी रोज धार-इंदूर बसने जाऊन बी.ए. केलं, एम.ए. केलं. त्यानंतरचा परवान्याचा अभ्यासक्रम, ज्याने रुग्ण तपासता येतात, तो करायचा होता. तोवर माझं वय, लग्न, सासर... एक वर्ष वाया जातं तेव्हा एकच वर्ष जात नाही, मागची रांगच्या रांग पुढे सरकते. आज मी शाळेत समुपदेशक आहे. काम आवडतं. पण जे व्हायचं होतं ते हे नाही, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

निवृत्तीनंतर काका देवासला शेखरदादाकडे राहायला गेले. शेवटची भेट तिथेच झाली, जाण्याच्या आधी पंधराएक दिवस. हृदय थकलं होतं, पाय सुजले होते. शेखरदादाची मुलगी इरा यंदा बारावी झाली, आणि तिलाही सायकॉलॉजीच घ्यायचंय. आमच्या घराला हा विषय चावलेला दिसतो. इंग्रजी शाळेत शिकलेली ती त्यांना मराठी वर्तमानपत्र वाचून दाखवत होती, जोडाक्षर आलं की थांबत, आणि काका डोळे मिटून दुरुस्त करत होते. मग ती दार लोटून चहा ठेवायला आत गेली. काकांनी डोळे उघडले नाहीत. तसेच म्हणाले, 'तुझ्या वेळी माझं चुकलं. तुला विचारलंच नाही मी. हिलाही वाचता येत नाही गं... हिला इंदूरलाच घाला.'

इतकी वर्षं मी या वाक्याची वाट पाहिली होती. एवढंच म्हटलं, 'काका, हे शेखरदादाला सांगा.' ते म्हणाले, सांगीन, घाई काय आहे. तेवढ्यात शेखरदादा ऑफिसातून आला. आणि काकांनी, त्याच पलंगावर, त्याच उशीला टेकून, डोळे उघडले आणि खणखणीत आवाजात विचारलं, 'काय रे, पुण्याच्या कॉलेजचं काय झालं?' मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. त्या क्षणी मला तो पलंग हलवावासा वाटला होता. आजारी माणूस आहे म्हणून चहा प्यायले आणि बस पकडली.

दहावा दिवस आम्ही नेमावरला, नर्मदेवर केला. आता बायकाही येतात, मीही गेले. घाटावर पिंड मांडले. कावळे भरपूर होते, पण ते यात्रेकरूंच्या पोह्यांच्या कागदांवर तुटून पडले होते, आमच्या पिंडाकडे ढुंकून बघेनात. अर्धा तास झाला. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. कोणी म्हणालं घराची काळजी करू नका, कोणी म्हणालं वाचनालय चालू ठेवू. कावळा नाही. मग शेखरदादा पुढे झाला. मुंडन केलेलं डोकं, ओलं धोतर, हात जोडलेले. 'बाबा, इराला पुण्यालाच पाठवतो. मराठीतूनच शिकेल.' आणि मेला एक कावळा तेवढ्यात उतरला, त्याने चोच मारली. सगळ्यांनी हात जोडले. कोणी म्हणालं, बघा, जीव कशात अडकला होता. पाखराला भूक लागली आणि माणसांनी त्यातून विद्यापीठ काढलं! योगायोगाला अर्थ चिकटवण्याचं, वर्गात शिकवायला इतकं चांगलं उदाहरण मला शोधून सापडलं नसतं. इरा घाटाच्या पायरीवर उभी होती. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. मी पाहिलं, आणि गप्प बसले. भाऊ हमसून रडत होता, कोणत्या तोंडाने बोलू, असं मनाला सांगितलं.

गेल्या आठवड्यात इराचा फोन आला. इंदूरच्या प्रवेशाची शेवटची फेरी दोन दिवसांवर होती. आवाज अगदी शांत. म्हणाली, 'आत्या, एक सांग ना. अब मेरा फॉर्म कौआ भरेगा क्या?' मी हसले, आणि फोन ठेवल्यावर खूप रडले. काका गेले तेव्हाही रडले नव्हते. दुसऱ्या दिवशी रजा टाकून देवासला गेले.

शेखरदादा काकांच्या पलंगावर बसला होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, काका काय म्हणाले, कोणत्या शब्दांत. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, 'मग घाटावर का नाही बोललीस?'

काकांनी जे माझ्याशी केलं तेच मी इराशी केलं, चार माणसांत तोंड शिवून. मी त्याला म्हटलं, 'चुकलं माझं. आणि हे मी तुझ्या मुलीसमोर म्हणतेय.' इरा दारात उभी होती. मग शेखरदादाने तिला, मला वाटतं जन्मात पहिल्यांदा, विचारलं की तुला स्वतःला काय पाहिजे. तिने थांबून थांबून सांगितलं. इंदूर, चार वर्षांची ऑनर्स पदवी, इंग्रजीतून, घरून येऊन-जाऊन. मग एम.ए., मग परवान्याचा कोर्स. कुठल्या वर्षी काय, सगळं वहीत लिहून ठेवलं होतं तिने. तो वही घेऊन वाचत बसला. शेवटी म्हणाला, भर फॉर्म.

इथे हा लेख संपायला हवा होता. पण बाहेर ओट्यावर शेजारचे तिवारीजी आणि धारहून मंडळाचे दोघे-तिघे आले होते, भेटायला. त्यांनी विचारलं, इराचं काय ठरलं? आणि शेखरदादा, माझा भला भाऊ, आतून उठून बाहेर गेला आणि सहज आवाजात म्हणाला, 'पुण्याचंच बघत होतो, पण तिथल्या जागा भरल्या.' तोच खणखणीत आवाज. तशीच नजर दुसरीकडे. बापूकाका कुठे गेले म्हणता? ते तर समोर ओट्यावर उभे होते.

मी बाहेर गेले. म्हटलं, जागा भरपूर आहेत. बापूकाकांनीच नको म्हटलं होतं. माझ्या वेळी त्यांची चूक झाली होती, ते त्यांनी स्वतः मला सांगितलंय. सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेखरदादा खाली मान घालून चपला सरळ करत होता. तिवारीजी भला माणूस, समजुतीच्या सुरात म्हणाले, 'नहीं बेटा, दुख में ऐसा लगता है. बापूसाहब ग़लती मानने वाले आदमी थे ही नहीं.'

'होते, तिवारीजी,' मी म्हटलं. 'बस, दार लोटलेलं लागायचं.'