दरफलक लावला आणि हिराबाय दारातूनच परतली

सकाळपासून हे डोक्यातून जात नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

माझ्या छोट्या नर्सिंग होमच्या नोंदणीचं नूतनीकरण आहे. त्यासाठी फीचा दरफलक दारात लावावा लागतो. काल लावला. नियम चांगलाच आहे, पेशंटला खर्च आधी कळायलाच हवा.

ऐंशीच्या दशकात मी बोईसरला दवाखाना उघडला, तेव्हा कारखान्यातले कामगार तपासणीआधीच विचारायचे, "मॅडम, कितना होगा?" जवळच्याच किनाऱ्यावरच्या नवापूरच्या कोळणी कधीच विचारायच्या नाहीत. पावसात होड्या बंद असल्या की नुसतं औषध घेऊन जायच्या. होड्या पुन्हा सुरू झाल्या की आपणहून पैसे आणून द्यायच्या. किती द्यायचे ते त्याच ठरवायच्या. मीही कधी आकडा बोलले नाही.

त्यांच्यातलीच, तेव्हापासून येणारी हिराबाय आज खोकत आली. फलक बघून सिस्टरला म्हणाली, "काय लिवलंय?" सिस्टरनं वाचून दाखवलं.

"आता होड्या बंद हायत, बाय. नंतर येते."

मी बाहेर धावले. "अगं हिराबाय, तो फलक तुझ्यासाठी नाही."

"आकडा ठाव नव्हता, तवा फुकट वाटत नव्हतं," ती म्हणाली. "आता आकडा कळला, फुकट घेतल्यागत वाटंल."

आणि खोकत खोकत स्टॅंडकडे गेली.

फलक काही काढता येणार नाही. उद्या मीच नवापूरला जाऊन तिला तपासणार आहे. पण मी निघताना ती फीचं विचारेल, तेव्हा काय सांगू? तुम्ही काय सांगितलं असतं?