टक् झालं की थांबायचं

मिरजेच्या दवाखान्यात दाजींना शेवटचं भेटलो, तेव्हा मी रडका चेहरा करूनच आत शिरलो होतो. दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान आणि कडेगावच्या आमच्या डिझेल गॅरेजातले माझे भागीदार. नाकात नळी, तरी मला न्याहाळून म्हणाले, "पाव्हणं, मी हाय अजून. ट्रॅक्टरचं हेड आवळलं का?"

"न्हाई. दोन फेरे तुमी मारलेत, तिसरा तुमीच येऊन मारा."

"आता तूच मार… पण टक् झालं की थांब, गड्या."

तिसरा फेरा, आणि मला! दाजी फौजेत गाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेले. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, बसवताना बोल्ट मधून कडेला, तीन फेऱ्यांत, थोडे थोडे आवळायचे ही त्यांची शिस्त. सैल राहिला तर हेडखालचं गळती अडवणारं गॅस्केट उडतं, जास्त आवळला तर बोल्ट ताणून मरतो. म्हणून टॉर्क पाना. ठरवलेला जोर लागला की तो टक् वाजतो. माझी अडचण अशी, की टक् झाल्यावर माझं समाधान होत नसे. मी सगळंच 'अजून जरासं' आवळतो. आमच्याकडे लोणच्याची बरणी उघडायला शेजारी बोलवावे लागतात. त्याच मायेनं एकदा ऐन ऊसतोडीत एका ट्रॅक्टरचा बोल्ट आवळला, तर त्याचं डोकंच हातात आलं. खालचा तुकडा आत, दारात मालक तापलेला. दाजींनी अर्धा दिवस खपून तुकडा काढला. मालकाला म्हणाले, "बोल्टच म्हातारा हुता." मग माझ्याकडं वळून हळूच, "ताकद लय हाय रं तुझी. पण मनगटाला कान न्हाईत." तेव्हापासून तिसरा फेरा मला बंद. पाना पुसायचा मान तेवढा माझा.

त्याच आठवड्यात दाजी गेले. तेरावं झाल्यावर गॅरेज उघडलं. ट्रॅक्टर तसाच उभा. आक्काही आली, दाजींच्या स्टुलावर बसली. पेटीतून पाना काढला, तर तो शून्यावर… काम झालं की पान्याच्या स्प्रिंगचाही ताण उतरवून ठेवायचा, ही त्यांची सवय. छातीत कळ आलेल्या दिवशीही चुकली नव्हती!

मी आकडा लावला, मधल्या बोल्टापासून सुरुवात केली. टक्. टक्. शेवटच्या बोल्टला टक् झालं आणि माझ्या मनगटाला जुनी खाज सुटली. मागून आक्का म्हणाली, "ऐकू आलं न्हवं? मग सोड की!"

सोडला. पाना शून्यावर आणून पेटीत निजवला. इंजिन सुरू केलं, आणि कुठे थेंब पाझरला नाही. आक्का डोळे पुसत हसली.

तो ट्रॅक्टर आता रानात मजेत फिरतोय. परवा घरी लोणच्याच्या बरणीचं झाकण लावता लावता मी मधेच थांबलो. बायको म्हणाली, "आवं, काय झालं?"

म्हटलं, "टक् झालं."