पियानो थांबेपर्यंत

समस्त मराठी बंधुभगिनींना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येत आहे की, ऐंशीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या एका अब्रूदार बाईने कित्येक संध्याकाळी स्वतःच्याच घरासमोर गाडीत बसून काढल्या. तिला कुणी घराबाहेर काढलं नव्हतं. किल्ली पर्समध्येच होती. ती बाई मी.

दोष द्यायचाच तर लेकीच्या पियानोच्या बाईंना द्यावा. मुलांच्या कार्यक्रमात शेवटी त्या स्वतः वाजवायला बसल्या आणि म्हणाल्या, ही रचना गेल्या शतकातल्या एका संगीतकाराने आपल्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी लिहिली. आधी पाहुण्यांची गडबड, मध्ये सगळे गेल्यावर उरलेले दोघंच, मग पुन्हा गडबड. शेजारी डुलक्या काढणारे आमचे हे एकदम ताठ बसले. येत्या फेब्रुवारीत आमच्या लग्नालाही पंचवीस वर्षं होत होती.

ह्यांना संगीतातलं काही कळत नव्हतं असं नाही. मंडळाच्या गणपतीत पेटीवर हेच. पण पेटीत उजवा हात सूर वाजवतो आणि डावा भाता मारतो. ह्यांच्या डाव्या हाताला जन्मात दुसरं काम कुणी सांगितलं नव्हतं.

एका संध्याकाळी हॉस्पिटलच्या लॅबमधून मी जरा लवकर घरी आले. दार उघडलं, बूट काढले, तर आतून पियानो. वाकून पाहिलं. हे ऑफिसचा टाय न सोडताच पियानोसमोर बसलेले, शेजारी तेरा वर्षांची लेक मास्तरीण होऊन उभी. उजवा हात बरा चालला होता. डावा हवेत, नसलेला भाता इमानाने मारत होता.

"बाबा, स्टॉप पम्पिंग! इट डझन्ट नीड एअर!"

"अगं, आपोआप होतं ते. आणि हळू ओरड. आईला कळता कामा नये. सरप्राइज आहे."

सरप्राइज! दर वाढदिवसाला "काय हवं ते सांग, घेऊन येतो" म्हणणाऱ्या माणसाने पंचवीस वर्षांत प्रथमच मला न विचारता काही करायला घेतलं होतं. बूट हातात घेऊन मी मोज्यांवर मागे मागे सरकत बाहेर पडले. चोरही इतक्या अदबीने निघत नसेल. पोर्चमध्ये, थंडगार फरशीवर उभ्या उभ्या ठरवलं, काही झालं तरी हे सरप्राइज मोडू द्यायचं नाही.

लेकीला कटात घ्यावंच लागलं.

"सो यू विल जस्ट सिट इन द कार? एव्हरी डे? आई, दॅट्स क्रेझी."

"मग काय करू? तुझे बाबा माझ्यासमोर वाजवतील?"

ठरलं असं की बाबांचा सराव संपला की तिने पोर्चचा दिवा लावायचा. दिवा लागला की मी आत.

बोलायला सोपं होतं. दिवसभर लॅबमध्ये उभं राहून पाय सुजलेले, पोटात दुपारचं अर्धं सँडविच, बाहेर बर्फ. गाडी रस्त्यापलीकडे झाडाआड लावायची, हीटर सुरू ठेवायचा, काच बोटभर उघडी ठेवायची आणि ऐकत बसायचं. पाहुण्यांची गडबड रोज त्याच जागी ठेचकाळायची. मग रोज पहिल्यापासून पाहुणे पुन्हा यायचे. इतके पाहुणे खऱ्या लग्नातही आले नव्हते. एकदा कुत्र्याला फिरवणाऱ्या शेजारच्या म्हाताऱ्याने काचेवर टकटक केली. मी काच खाली केल्यावर, घरी भांडण झालंय का, म्हणून विचारलं. म्हटलं, नाही, नवरा पियानो शिकतोय. त्याने क्षणभर कान दिला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मधला संथ भाग मात्र ह्यांना लवकर जमला. तो सुरू झाला की माझे डोळे मिटायचे. पियानो थांबला की त्या शांततेनेच जाग यायची, आणि मी दिवा शोधायची.

वाढदिवस शनिवारी आला आणि नेमकी त्याच सकाळी माझी ड्यूटी. घरी येऊन जेवायला बोलावलेल्या मंडळींसाठी पुऱ्या तळल्या. श्रीखंड लोक घेऊन येतात, पुऱ्या कोण आणणार? जेवणं झाली. हे रेशमी झब्ब्यात उभे राहिले, घसा खाकरला आणि सरप्राइज जाहीर केलं. मी छातीवर हात ठेवून तोंडाचा असा काही आ केला की नाटकवाल्यांनी करारच केला असता.

"खरंच माहीत नव्हतं तुला?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"शप्पथ नाही!"

ह्यांचे कान लाल झाले. इतके खूश मी त्यांना नवरदेव असतानाही पाहिलं नव्हतं. मी सोफ्यावर बसले, शाल ओढली. पाहुण्यांची गडबड न ठेचकाळता पार पडली. मग तो संथ भाग आला.

पुढचं लेकीकडून ऐकलेलं. डाव्या हाताने एकदाही भाता मारला नाही. शेवटची गडबड दणक्यात झाली, शेवटचे सूर वाजले, आणि टाळ्यांच्या आधी असते तशी एक क्षण शांतता पसरली. त्या शांततेत मी दचकून उठले, सोफ्याशेजारी पर्स चाचपली आणि भर दिवाणखान्यात मोठ्यांदा विचारलं,

"दिवा लागला का गं? येऊ आता घरात?"